राहिलो आणि राहिलं

दिवाळीच्या सुटीत आमची मालती अमरावतीहून अकोल्याला घरी आली. तिचं कॉलेजचं पहिलंच वर्ष. जेवताना मी विचारलं, "प्रोफेसर लोक कसे आहेत?"

"छान शिकवतात," ती म्हणाली. "पण बाबा, ते आम्हाला ओळखत नाहीत. परवा रस्त्यात एका सरांना नमस्कार केला, तर त्यांनी मागं वळून पाहिलं, हा कुणाला केला म्हणून."

मी म्हटलं, "सुखी आहेस. आमचे ओळखत होते."

तिला ते कळलं नाही. कळावं म्हणून हे लिहितो आहे. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. मी एका जिनिंग फॅक्टरीच्या हिशेबखात्यात आहे, आणि तिथल्या सवयीनं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन; जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं हेही सांगेन. कारण घारपुरे सरांच्या ज्या गोष्टी अमरावतीत सांगतात त्यांतल्या निम्म्या खोट्या आहेत, आणि खोट्यांतल्या बऱ्याचशा त्यांनी स्वतःच पसरवल्या होत्या.

घारपुरे सर आम्हाला इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, गणित शिकवत. वर्गात शिरल्यावर ते फळ्याकडे जात नसत. टेबलाला टेकून उभे राहत आणि पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकेकाचं तोंड बघत. भाजीबाजारात किडकी वांगी बाजूला काढणारं गिऱ्हाईक बघतं तसं. मग सुरू होई.

"देशमुख, डोळे लाल आहेत. नाटकाला गेला होतास की रडलास?"

"सर, सर्दी झाली."

"मग मागं जाऊन बस. तुझी सर्दी तुझ्यापाशी ठेव. मोहोड, तू काल नव्हतास."

"होतो सर."

"धड होतं. तू नव्हतास. कुठं होतास?"

मोहोड खाली बघे, वर्ग हसे. हे चालू असताना हजेरीचं रजिस्टर टेबलावर मिटलेलं. ते तास संपल्यावर स्टाफरूममध्ये बसून आठवणीनं भरत. मी वर्गाचा मॉनिटर होतो, म्हणून ते ताडून पाहायची संधी मला मिळे. चूक सापडली नाही. माझ्या ताडून पाहण्याचा त्यांना पत्ता लागला तेव्हापासून त्यांनी मला 'मुनीम' म्हणायला सुरुवात केली. पुढं धंदाही तोच मिळाला, त्याला माझा इलाज नाही.

दिसायला उंच, वाळलेले. धोतरावर बंद गळ्याचा कोट, डोक्यावर काळी टोपी, आणि फाल्गुनापासून पाऊस येईपर्यंत टोपीखाली ओल्या पंच्याची घडी. पंच्याचं पाणी कानामागून कॉलरमध्ये उतरत असे आणि ते खुशाल उतरू देत. मूळचे पुण्याचे. सरकारी नोकरीत मध्यप्रांतात आले, वऱ्हाडात नेमणूक झाली, आणि पहिल्या उन्हाळ्यात म्हणाले, "हे गाव नव्हे, भडभुंज्याची कढई आहे. दोन वर्षांत बदली करून घेतो." पेन्शन अमरावतीतच झाली.

आता खरं ते लिहितो. घारपुरे सर वाईट शिकवत. अक्षर असं की फळ्यावर कोंबडी नाचून गेली म्हणावं. इंग्रजी पुणेरी, आणि तेही घाईत अर्धं गिळलेलं. उदाहरण रंगात आलं की वजाचं चिन्ह हमखास कुठंतरी सांडे, मग उत्तर पुस्तकाशी जुळेना. तेव्हा ते फळ्याकडे असे बघत, जणू चूक फळ्याची आहे. शेवटी कोटाच्या बाहीनं सगळं पुसत, खडू विडीसारखा कानावर ठेवत आणि विचारत, "कुणाला दिसली? दिसली असेल तर बोला. शहाणपणा दाबून ठेवू नका, वायू धरतो."

त्यांच्या शेजारच्या वर्गात इंग्रजीचे एक प्रोफेसर होते. नाव घेत नाही. त्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या वर्गांतली मुलं खिडक्यांत उभी राहत, आणि ते योग्यच होतं. त्यांनी आम्हाला दोन वर्षं शिकवलं. निरोपाच्या समारंभात ते माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाले, "आपण बाहेरगावाहून आलात का?" मी राग मानला नाही. व्याख्यानं खरोखरच चांगली होती.

त्याच समारंभात एका मुलानं भाषणात म्हटलं की घारपुरे सर विद्यार्थ्यांची आईसारखी काळजी घेतात. सर खुर्चीतून उठले. "खाली बस," म्हणाले. "काळजी आईनं घ्यावी, नाहीतर दवाखान्यातल्या नर्सनं. मी चौकशी करतो. गणित कुठं पळून जात नाही. हजारो वर्षं आहे तिथं बसलंय. पळून जातं ते हे बेणं." आणि शेवटच्या बाकाकडे बोट केलं. समारंभाचा त्यांनी विचका केला असं सगळ्यांचं मत पडलं.

ही चौकशी फार निर्लज्ज असे. मोहोडचंच घ्या. 'तू काल नव्हतास' याचा छडा त्यांनी दुसऱ्या दिवशी लावला. मोहोडची दाढ दुखत होती आणि डॉक्टरला तो भीत होता. सरांनी भर तासात त्याच्या कोटाची कॉलर धरली आणि त्याला दवाखान्यात नेलं. मागून आम्ही अर्धा वर्ग. दाढ उपटताना डोकं धरायला माणूस हवा होता. "मी धरतो," सर म्हणाले. डोकं धरलं, धीर द्यायला बोट तोंडाजवळ नेलं, आणि मोहोडनं ते बोट चावलं. दाढ निघाली; बोटाला पट्टी बांधावी लागली. स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की सर सरळ सांगत, "विद्यार्थी चावला." त्या आठवड्यात फळ्यावरचं अक्षर आणखी बिघडलं, पण फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

ही चौकशीची सवय त्यांना पुण्यात लागलेली नव्हती. ती अमरावतीत लागली, आणि एका क्रियापदामुळं लागली. हे मी पाहिलेलं नाही. त्यांच्या पत्नी माई, त्यांनी सांगितलं. सरांनीही सांगितलं होतं. पण माईंचं जास्त धरावं.

त्यांचा अमरावतीतला पहिला हिवाळा. वर्गात चांदूर रेल्वेचा एक मुलगा होता, कापडदुकानदाराचा. तो येईनासा झाला. सरांनी त्याच्या शेजारच्याला विचारलं, "कुठं आहे तो? आजारी होता ना?"

तो म्हणाला, "बरा होऊन राहिला, सर."

आपल्याकडच्या माणसाला यात समजायला काही अवघड नाही: हळूहळू बरा होतो आहे, अजून झालेला नाही. पण सरांचा कान पुण्याचा. त्यांनी ऐकलं ते असं: बरा झाला, आणि घरीच राहिला. म्हणजे चैन चालली आहे. त्यांनी गैरहजेऱ्या मांडल्या आणि बापाला कडक शब्दांत कळवलं की चिरंजीवांना शिक्षणाची गरज दिसत नाही.

पुढं महिन्याभरानं एका सकाळी कामवाली बाई ओरडली, "माई, नळाले पानी येऊन राहिलं!" माई घागर घेऊन धावल्या. नळ कोरडा, नुसता सुसू आवाज.

"कुठं आलंय गं?"

"आलं कोण म्हनते? येऊन राहिलं ना!"

सर तेव्हा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते उठले आणि म्हणाले, "अगं, तो पोरगा बरा झालेलाच नाही."

माई म्हणत की ते तसेच, अर्ध्या दाढीनं, पुढच्या गाडीनं चांदूरला गेले. अर्ध्या दाढीवर माझा विश्वास नाही. चांदूरला गेले हे खरं. मुलाला विषमज्वर झाला होता. तो आता उठून बसू लागला होता, पण दुकानात, गादीवर, हातात गज. सर म्हणाले, "चूक माझी झाली. चल कॉलेजात." मुलगा रागावला नाही. कापड मोजता मोजता म्हणाला, "राहिलं आता, सर."

बापानं चहा दिला. सरांनी दोन धोतरजोड्या विकत घेतल्या आणि परत आले. त्या धोतरजोड्या माईंच्या ट्रंकेत मी स्वतः पाहिल्या आहेत. घडी मोडलेली नव्हती.

तेव्हापासून त्यांचा एक सिद्धांत झाला, आणि गणितातल्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा तो त्यांना अधिक पाठ होता. "पोरगा 'करून राहिलो' म्हणतो तोवर तो आपला. 'राहिलं' म्हणाला की मास्तर नापास."

या सिद्धांताची खरी परीक्षा तुळशीराम वानखडेनं घेतली.

तुळशीराम हिवरखेडचा. होस्टेलात माझ्या खोलीत होता. घरची काळी जमीन, बैलजोड्या, एकुलता एक मुलगा. खांदे इतके रुंद की खोलीच्या दारातून तो जरा तिरपा होऊन आत येई. डोकं चांगलं होतं, पण त्याला एक रोग होता: उदाहरण हातातून सुटत नसे. सोडवायचा, पडताळून पाहायचा, खाली दोन रेघा मारायचा, पुन्हा पडताळायचा. पेपरात दहा उदाहरणं असत. तीन होईपर्यंत घंटा होई. तिन्ही बिनचूक. म्हणजे शंभरांत तीस. पास व्हायला तेहतीस लागत. इंटरला एक वर्ष असंच गेलं होतं, आणि हे दुसरं.

युनिव्हर्सिटीच्या परीक्षेआधी कॉलेज आपली एक टेस्ट घेई. तीत जो नापास, त्याचा परीक्षेचा फॉर्म प्रिन्सिपॉल पुढं पाठवत नसत. टेस्टची घंटा झाली. सर पेपर गोळा करत तुळशीरामच्या बाकाशी आले.

"झालं?"

"करून राहिलो, सर."

सरांनी पेपर ओढून घेतला. पुन्हा तीसच. निकालाच्या तक्त्यात इतरांच्या नावापुढं पास-नापास लिहिलेलं होतं. तुळशीरामच्या नावापुढं सरांनी लाल शाईनं मराठीत लिहिलं: 'पास होऊन राहिला आहे.'

तक्ता प्रिन्सिपॉलांकडे गेला आणि बातमी हिवरखेडला गेली. आधी उत्तर आलं ते हिवरखेडहून. तुळशीरामचे वडील स्वतःच आले. आम्ही दोघं त्यांना घेऊन अंबापेठेत सरांच्या घरी गेलो. ओसरीवर ते बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सुरू झाले.

"मास्तर, पोरगं दोन साल झाले शिकून राहिलं. आता पुरे. वावराले मानूस पाहिजे. पोरगीबी पाहून ठेवली. तुमी त्याले काहून धरून राहिले?"

"मी धरलंय? त्यालाच विचारा त्याला काय हवंय."

"त्याले काय इचारता! त्याले आता इचारलं तं संध्याकाळी उत्तर देते."

"पण देतो ते बरोबर देतो."

"बरोबर घेऊन काय करू, मास्तर? पेरनीले उशीर झाल्यावर बरोबर पेरलं तं काय उपेग?"

  तुळशीराम खांबाला पाठ लावून उभा होता. वडिलांनी त्याला विचारलं, "काय रे, येतं का घरी?"

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "बाबा, मले गनित शिकवाचं हाये. मास्तर व्हाचं हाये."

"पाहा," वडील म्हणाले, "संध्याकाळ झाली." पण आवाज थोडा उतरला होता. "बरं. फॉर्म गेला तं परीक्षा दे. नाही गेला तं सामान बांध. मंग मास्तर अन् मी दोघंबी तुले इचारनार नाही."

माई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं खरं आहे, दादा. याला घाई शिकवायला हवी."

"पुन्याचे लोक घाई शिकवनार?" वडील म्हणाले. "शिकवा. तेबी पाहू."

दोन दिवसांनी प्रिन्सिपॉलांचं बोलावणं आलं. सरांना, तुळशीरामला, आणि त्याच्या खोलीतला म्हणून मला. पुढचं सगळं मी पाहिलेलं आहे.

प्रिन्सिपॉल इंग्रज होते. माणूस न्यायी, नियमाचा पक्का. त्यांना एकच अभिमान होता, आपल्या मराठीचा. एका पुण्याच्या शास्त्रीबोवांकडे शिकून त्यांनी सरकारची मराठीची परीक्षा दिली होती, आणि सगळ्यांशी ते शक्यतो मराठीच बोलत. त्यांच्यासमोर तक्ता होता.

"घारपुरे, हे काय लिहिले आहे? 'पास होऊन राहिला आहे.' पास होऊन तो कोठे राहिला?"

"राहिला नाही साहेब, होतो आहे. चालू आहे."

"चालू आहे म्हणजे झाला नाही. झाला नाही म्हणजे नापास."

सर काही बोलणार तोच साहेबांनी हात वर केला आणि तुळशीरामकडे वळून शुद्ध मराठीत विचारलं, "तुम्ही अभ्यास केलात काय?"

तुळशीराम ताठ उभा राहून म्हणाला, "करून राहिलो, साहेब."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "मुलगा प्रामाणिक आहे," ते म्हणाले. "अभ्यास करावयाचा राहिला, हे तो स्वतःच कबूल करतो."

 घारपुरे सर मोठ्यानं हसले. त्या खोलीत त्याआधी कुणी हसल्याचं माझ्या माहितीत नाही.

"साहेब," ते म्हणाले, "ही चूक माझी आहे. मी ती आधीच करून ठेवली आहे. तुम्हाला पुन्हा करायची गरज नाही." आणि चांदूरची गोष्ट त्यांनी सांगितली. अर्धी दाढी त्यात होती, धोतरजोड्या नव्हत्या.

साहेब ऐकत राहिले. मग कपाटातून त्यांनी व्याकरणाचं पुस्तक काढलं, पानं उलटली, मिटलं.

"हा काळ यात नाही."

"पुस्तकात नाही, साहेब. बाकी अमरावतीपासून अकोल्याच्या पलीकडंपर्यंत सगळीकडं आहे."

"आणि हा काळ चालतो किती वेळ?"

"मास्तरात दम आहे तोवर."

साहेबांना ते पटलं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "पंधरा दिवसांनी नवा पेपर. या खोलीत. तीन तास. तेहतीस मिळाले तर फॉर्म जाईल. तुमचा काळ लोकांच्या बोलण्यात असेल, घारपुरे. माझा यात आहे."

व्हरांड्यात आल्याबरोबर सरांनी तुळशीरामच्या पाठीत गुद्दा घातला. "गाढवा, 'केला' म्हणता आलं नसतं?"

"पन सर," तो म्हणाला, "झाला नोता ना अजून."

सर माझ्याकडे वळले. "बघ मुनीम. आणि याला नापास करा म्हणतात."

पंधरा दिवस तुळशीराम सकाळी अंबापेठेत जात असे. मी सोबत. शिकवणी सरांची असं गाव समजे. खरं म्हणजे ती माईंची होती. माईंना बेरजेपलीकडं गणित येत नव्हतं, पण रोग त्यांनी बरोबर ओळखला होता. त्यांनी नियम केला: तुळशीरामनं ओसरीवर बसून उदाहरणं सोडवायची. आत स्वयंपाक चालेल. आतून थाळी वाजली की उदाहरण असेल तिथं सोडायचं आणि पुढचं घ्यायचं. वरण शिजलं, थाळी. भात उतरला, थाळी. भाजीला फोडणी बसली, थाळी.

पहिल्या दिवशी थाळी वाजली आणि तुळशीरामनं कागद दोन्ही हातांनी दाबून धरला, जणू कुणी तो हिसकावून नेतं आहे. माई उलथनं घेऊन दारात आल्या.

"सोडलंस?"

"माई, एकच ओळ राहिली."

"भातही एकदा उतरायचा राहिला की करपतो. पुढचं!"

"माई, उत्तर दिसून राहिलं..."

"दिसू दे. ते काही चांदूरला जात नाही. पुढचं!"

सर बाजूला पंचा डोक्यावर घेऊन बसत. त्यांना बोलायची बंदी होती. कारण दुसऱ्याच दिवशी थाळी वाजल्यावर तेच ओरडले होते, "थांब थांब, सोडू नकोस, इथं गंमत आहे." माईंनी त्यांना तिथल्या तिथं सुनावलं, "मूळ खोड तुमचीच आहे. हा तुमच्याकडून उचलतोय. आता दोघंही पुढचं घ्या." त्यानंतर थाळी वाजली की सर तोंडावर पंचा ओढून घेत; त्यांना बघवत नसे.

चार-पाच दिवस तुळशीरामचा जीव कासावीस झाला. रात्री झोपेत तो आकडे बडबडे. एका सकाळी वाटेत मला म्हणाला, "मुनीम, अर्धं सोडलेलं गनित दिवसभर मांगं मांगं येते रे, वासरावानी." पण हळूहळू त्याचा हात सुटू लागला. थाळी वाजायच्या आधीच तो नाक वर करी, वास घेई आणि पुढच्या उदाहरणावर जाई. माझं म्हणाल तर साक्षीदार म्हणून मला रोज तिथं जेवावं लागे. माझं वजन वाढलं. शिकवणीचा दुसरा कुठला परिणाम त्या वेळी खात्रीनं सांगता आला नसता.

पेपरच्या दिवशी सर आणि मी व्हरांड्यात उभे होतो. साहेबांचं दार बंद. सर आत तोंड बघू शकत नव्हते, म्हणून चपराशाचं तोंड बघत होते. त्यालाच त्यांनी दोनदा विचारलं, "तुला बरं नाही का?" तीन तासांनी दार उघडलं. साहेबांनी पेपर स्वतः तपासायला नेला. दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला. 'पास होऊन राहिला आहे' यातलं 'होऊन राहिला' साहेबांनी खोडलं होतं आणि वर 'झाला' लिहिलं होतं. वाक्य असं झालं: 'पास झाला आहे.'     सरांना साहेबांची दुरुस्ती आवडली नाही. म्हणाले, "व्याकरण बरोबर केलं. वाक्याची माती केली."

फॉर्म गेला. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत तुळशीराम तिसऱ्या वर्गात पास झाला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "चौथं गनित अडलं होतं. मधीच भाताचा वास आला अन् म्या सोडलं. तिथं कुठला आला बे भात?" हिवरखेडहून सरांकडे तुरीच्या डाळीचं पोतं आलं. पोतं आणणाऱ्या गड्यानं निरोप सांगितला, "मालक म्हनते, पुन्यानं घाई शिकवली. डाळ लवकर शिजनारी हाये."

तुळशीराम पुढं बी. एस्सी. झाला आणि अकोल्याच्या एका हायस्कुलात गणिताचा मास्तर झाला. मीही इथंच. तो वर्गात शिरल्यावर आधी फळ्याकडे जात नाही असं त्याचे विद्यार्थी सांगतात. मी पाहिलेलं नाही.

सरांचं शेवटचं दर्शन अकोला स्टेशनवर झालं. युद्ध संपलं त्या वर्षी त्यांची पेन्शन झाली आणि ते माईंसह पुण्याला निघाले. बडनेऱ्याहून येणारी मेल अकोल्याला थोडा वेळ थांबे. तुळशीराम आणि मी जेवणाचा डबा घेऊन उभे होतो. तुळशीरामच्या बायकोनं रोडगे आणि वांग्याची भाजी दिली होती. गाडी थांबली तेव्हा खिडकीत आधी टोपी दिसली, आणि टोपीखाली पंचा. थंडीचे दिवस होते. आता सवयच झाली होती म्हणे.

आम्ही डबा खिडकीतून आत दिला. सरांनी नमस्कार घेतला नाही. आधी माझ्याकडे पाहिलं. "मुनीम, पोट सुटलंय. हिशेब उभं राहून करत जा." मग तुळशीरामकडे. त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"डोळ्यांखाली काळं का? झोपला नाहीस. घरी कोण आजारी?"

"धाकटी पोरगी होती सर, तापानं. आता बरी होऊन राहिली."

सरांचा हात डब्यावर होता, तो तिथंच थांबला.

"म्हणजे अजून बरी नाही," ते म्हणाले. "मग इथं काय करतोस, गाढवा?"

 तुळशीरामनं खिडकीचा गज धरला होता. शिट्टी झाली. गाडीला धक्का बसला, तरी त्याचा हात गजावरच. तो गाडीबरोबर चालू लागला. सरही त्याला सोड म्हणेनात. त्यांनी त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता.

तेवढ्यात आतून ठणठण आवाज झाला. माईंनी डब्याचं झाकण काढून त्यावर पळी आपटली होती.

"तुळशीराम! पुढचं!"

हात सुटला.

गाडीनं वेग घेतला. सरांनी डोकं बाहेर काढलं आणि टोपी धरून ओरडले, "जाऊन राहिलो रे!" पुण्याच्या माणसानं याचा अर्थ केला असता, गेले आणि तिकडेच राहिले. ते आमच्याकडेच बघत होते, वर्गात एकेकाचं तोंड बघत तसे, प्लॅटफॉर्म संपेपर्यंत.

मला वाटलं तुळशीराम गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहील. मी त्याच्याशी काही बोलायला वळलो. तो तिथं नव्हता. पुलाच्या पायऱ्या दोन-दोन चढत तो घराकडे निघाला होता. मुलगी अजून बरी होऊन राहिली होती.